कॉम्प्युटर लॅब घरी येते तेव्हा

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका रविवारी माझी एक माजी विद्यार्थिनी घरी आली. दहावीपर्यंत ती आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत होती. आता जिल्ह्याच्या ठिकाणी कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकते आणि रोज एसटीने ये-जा करते. चहा झाला, घरच्यांची विचारपूस झाली, मग हळूच म्हणाली, "टीचर, एक काम होतं. आमच्या कॉलेजची लॅब आता ऑनलाइन झाली आहे. घरून लॉगिन केलं की लॅबचं मशीन उघडतं. पण अब्बूंना पटत नाही. ते म्हणतात, रात्री दहा वाजता लॅपटॉप घेऊन बसायचं आणि त्याला लॅब म्हणायचं, हे काय नवीन? तुम्ही एकदा त्यांच्याशी बोलाल का?"

मी दुसऱ्याच दिवशी गेले. तिचे अब्बू शिलाईचे दुकान चालवतात. माणूस समजूतदार आहे. मुलीला पुढे शिकवायचे म्हणून त्यांनी नातेवाइकांची बोलणीही ऐकून घेतली आहेत. त्यांनी मला साधाच प्रश्न विचारला. "टीचर, लॅब म्हणजे खोली. खोलीला कुलूप असतं, वेळ असते, आत सर असतात. ती खोली घरात कशी येते? आणि आलीच, तर इथे सर कोण?"

मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. मी शिकवते उर्दू आणि मराठी, कॉम्प्युटर हा काही माझा विषय नव्हे. म्हणून मी त्या मुलीच्या शेजारी बसून तिची लॅब पाहिली, शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना प्रश्न विचारले, थोडे वाचले. जे समजले ते इथे मांडते आहे. हा प्रश्न आज एका घरात आला आहे, उद्या आपल्यापैकी अनेकांच्या घरांत येणार आहे. कॉलेज फॉर्मवर सही मागते, मुले पासवर्ड घेऊन येतात आणि आई-वडिलांना काहीच कळत नाही, असे होऊ नये.

मशीन तिथे, पडदा इथे

आधी खोलीचे कोडे सोडवू. गावाची पाण्याची टाकी टेकडीवर असते. घरात असतो तो फक्त नळ. टाकी कोणी बांधली, मोटर कोण चालू करतो, हे आपल्याला रोज पाहावे लागत नाही. नळ सोडला की पाणी येते. क्लाउड म्हणतात ती व्यवस्था साधारण अशीच आहे.

टाकीच्या जागी इथे डेटा सेंटर असते. हजारो शक्तिशाली कॉम्प्युटर ठेवलेली, चोवीस तास वीज आणि थंड हवा असलेली ही इमारत. तिथल्या एका मोठ्या कॉम्प्युटरचे सॉफ्टवेअरच्या मदतीने अनेक भाग पाडतात. प्रत्येक भाग स्वतंत्र कॉम्प्युटरसारखा वागतो. त्याला स्वतःचे विंडोज किंवा लिनक्स असते, स्वतःची मेमरी असते, स्वतःचा पासवर्ड असतो. यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर त्या मशीनचा फक्त पडदा दिसतो. बटण इथे दाबले जाते, काम तिथे होते आणि त्याचे चित्र परत इथे येते.

ही इमारत सातासमुद्रापलीकडेच असते असेही नाही. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये भारतात क्लाउड केंद्रे सुरू केली, ती पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे. ॲमेझॉनने 2016 मध्ये आणि गूगलने 2017 मध्ये मुंबई निवडली.

कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी 1964 मध्ये एकच मोठा कॉम्प्युटर अनेक विद्यार्थ्यांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था उभी केली. विज्ञान न शिकणाऱ्या मुलांनाही तो वापरता यावा म्हणून बेसिक ही सोपी संगणकभाषा त्यांनीच तयार केली. पुढे 2004 मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीने व्हर्च्युअल कॉम्प्युटिंग लॅब सुरू केली. विद्यार्थी हवे ते सॉफ्टवेअर असलेले मशीन आपल्या नावावर राखून ठेवत आणि खोलीवर बसून काम करत. आज कॉलेजे ज्या सेवा विकत घेतात, त्या याच वाटेवरच्या पुढच्या पायऱ्या आहेत.

कुलूपबंद खोलीचा हिशेब

आमच्या शाळेत लॅब नाही असे नाही. खोली आहे, बारा कॉम्प्युटर आहेत, त्यांतले आठ-नऊ चालतात. वर्गात मुले पन्नास. म्हणजे एका कॉम्प्युटरपुढे पाच-सहा मुले. माउस एकाच्या हातात, बाकीचे मागून पाहणार. ज्याच्या हातात माउस असतो तो शिकतो, उरलेले पाहतात, असे मी वर्षानुवर्षे पाहते आहे. आणि माउस बहुधा पुढे घुसणाऱ्याच्या हातात जातो. लाजाळू मुलगी मागे राहते.

शाळा सुटली की शिपाईमामा कुलूप लावतात. मुलींना मगरिबच्या आत घरी पोचायचे असते. मुलांपैकी काही जण वडिलांच्या गाड्यावर, गॅरेजमध्ये, दुकानात जातात. सराव करायला वेळ मिळतो तो इशाच्या नमाजनंतर, आणि त्या वेळी लॅब बंद असते. ज्यांच्या घरी चांगला कॉम्प्युटर आहे ते पुढे जातात. बाकीच्यांबद्दल म्हटले जाते, "यांना कॉम्प्युटर जमत नाही." खरे तर त्यांना कॉम्प्युटर मिळतच नाही.

घरी लॅपटॉप असला तरी प्रश्न सुटतो असे नाही. मोबाइलचे ॲप बनवायला शिकवणाऱ्या अँड्रॉइड स्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरला कमीत कमी 8 जीबी रॅम लागते. भावाकडून आलेला किंवा जुना घेतलेला लॅपटॉप तिथे हात टेकतो. व्हर्च्युअल लॅबमध्ये हे जड काम दूरच्या मशीनवर होते, आपल्या लॅपटॉपला फक्त चित्र दाखवायचे असते. म्हणून जुना लॅपटॉपही चालतो. विंडोज 10 ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली आणि अनेक जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज 11 चढत नाही. असे कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी त्यांवर मोफत मिळणारे लिनक्स टाकून ते या कामाला वापरता येतात. माझ्या मते गरीब घरासाठी या व्यवस्थेचा सर्वांत मोठा फायदा हाच.

नव्या सोयी कोणत्या

अशा सेवा अनेक आहेत. उदाहरणासाठी मायक्रोसॉफ्टची ॲझुर लॅब सर्व्हिसेस घेऊ, कारण ती मुद्दाम वर्गासाठीच बनवलेली होती. ऑगस्ट 2022 मध्ये तिची नवी आवृत्ती आली. तिच्यातल्या सोयी पाहिल्या की अशा लॅबकडून काय अपेक्षा ठेवावी ते कळते.

पहिली सोय शिक्षकाची. शिक्षक एकच नमुना मशीन तयार करतो. त्यात लागेल ते सॉफ्टवेअर टाकतो, सरावाच्या फायली ठेवतो आणि ते प्रसिद्ध करतो. वर्गात चाळीस मुले असतील तर त्याच्या चाळीस प्रती तयार होतात. प्रत्येकाला स्वतःचे मशीन. बारा कॉम्प्युटरवर एकेक करून सीडी घालत बसणारे आमचे सर मला आठवतात. त्यांचे सुटीचे दोन दिवस त्यातच जात.

दुसरी सोय यादीची. कॉलेज आपले ऑनलाइन वर्ग टीम्स किंवा कॅनव्हासवर चालवत असेल तर लॅब त्यालाच जोडता येते. कॅनव्हासशी जोड 2022 च्या आवृत्तीत आली. वर्गात नवे नाव आले की लॅबच्या यादीतही येते. विद्यार्थ्याला वेगळी वेबसाइट शोधत बसावे लागत नाही.

तिसरी सोय वेळापत्रकाची. तासाची वेळ ठरवली की त्या वेळी मशीन आपोआप चालू होतात आणि तास संपला की बंद होतात. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याला घरच्या सरावासाठी वेगळे तास देता येतात. वर्गाच्या वेळेत केलेले काम या तासांतून वजा होत नाही. माझ्या विद्यार्थिनीला रात्री दहा वाजता जी लॅब उघडी मिळत होती, ती अशाच तासांमुळे.

चौथी सोय आपोआप बंद होण्याची. विद्यार्थी मशीन सोडून निघून गेला, किंवा मशीन चालू झाले पण विद्यार्थी आलाच नाही, तर ठरावीक मिनिटांनंतर ते बंद व्हावे असे शिक्षकाला ठरवता येते.

पाचवी सोय दुरुस्तीची. मशीन अडकले तर विद्यार्थी स्वतःच ते दुसऱ्या जागी हलवून पुन्हा सुरू करू शकतो. फारच बिघडले तर ते मूळ नमुन्यासारखे कोरे करून घेता येते. रात्री अकरा वाजता सरांना फोन करावा लागत नाही.

या सगळ्या सोयी ऐकायला गोड आहेत. पण नीट पाहिले तर प्रत्येक सोयीबरोबर एकेक जबाबदारी विद्यार्थ्याकडे आली आहे. पूर्वी कुलूप शिपाईमामा लावत, आता ते मुलांनी लावायचे आहे.

तास ही अमानत आहे

क्लाउडचा खर्च टॅक्सीच्या मीटरसारखा असतो. मशीन जितका वेळ चालू, तितके पैसे. तुम्ही टाइप करता की झोपला आहात, हे मीटर पाहत नाही. हे पैसे कॉलेज भरते, म्हणजे शेवटी फीच्या रूपाने आपणच भरतो.

इथे मुलांची एक चूक हमखास होते. लॅबची खिडकी कोपऱ्यातल्या फुलीने बंद केली की काम संपले असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात बंद होतो तो फक्त इथला पडदा. तिथले मशीन चालूच राहते. शिक्षकाने आपोआप बंद होण्याची सोय लावली नसेल, तर ते तासन्‌तास चालू राहते आणि विद्यार्थ्याच्या वाट्याचे तास संपत जातात. चाळीस मुलांनी असे दोन-दोन तास मशीन चालू सोडले तर ऐंशी तासांचे पैसे वाया गेले.

माझ्या विद्यार्थिनीचे असेच झाले. तिला सरावासाठी वीस तास मिळाले होते. तिने पडदा बंद केला, मशीन केले नाही. दोन रात्रींत तास संपले. प्रोजेक्ट द्यायला चार दिवस उरले असताना लॅब उघडेना. कॉलेजने तास वाढवून दिले, पण अर्ज आणि सही यात दोन दिवस गेले. ते दोन दिवस घरात काय वातावरण होते ते तिची अम्मी सांगत होती. अब्बूंना वाटले मुलगी खोटे बोलते आहे. मुलीला वाटले आता शिक्षण थांबणार.

वुजू करताना नळ वाहता ठेवू नये, हे आपण मुलांना बोलता येऊ लागल्यापासून शिकवतो. पाणी आपल्या पैशाचे असो की मशिदीच्या हौदातले, इसराफ तो इसराफच. दूरच्या मशीनचे तास डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून त्यांना वेगळा नियम नाही. ते वर्गाने आपल्याकडे सोपवलेली अमानत आहेत. आपण वाया घालवलेल्या तासांमुळे पुढच्या वर्षी कॉलेजने सगळ्यांचेच तास कमी केले, तर तो हक्क आपण दुसऱ्या कुणा मुलीचा बुडवला असे होते. काम संपले की मशीनच्या आतून शटडाउन करा, मग लॅबच्या पानावर जाऊन ते बंद झाले आहे याची खात्री करा. ही सवय पहिल्याच दिवशी लागली पाहिजे.

मशीन भाड्याचे, काम आपले

दुसरी ठेच याहून मोठी होती. परीक्षेच्या आधी तिचे मशीन अडकले. पडदा पांढरा, काही हलेना. पानावर दोन पर्याय होते. एकाने मशीन दुसऱ्या जागी हलवून पुन्हा सुरू होते आणि आतले काम राहते. दुसऱ्याने मशीन मूळ नमुन्यासारखे कोरे होते. घाईत तिने दुसरा दाबला. सूचना आली होती, ती इंग्रजीत होती आणि तिने ती वाचली नाही. मशीन लगेच सुरळीत चालू झाले. तीन आठवड्यांचा प्रोजेक्ट मात्र गेला. सरांनाही तो परत आणता आला नाही, कारण परत आणायला तो कुठेच उरला नव्हता.

ती माझ्यासमोर हे सांगताना पुन्हा रडली. मी तिला विचारले, "बेटा, भाड्याच्या घरात राहताना दागिने कुठे ठेवतात?" ती म्हणाली, "आपल्या जवळ." लॅबचे मशीन भाड्याचे आहे. सत्र संपले की तेही परत घेतले जाते. केलेले काम त्यात ठेवून यायचे नसते.

हा नियम सगळ्याच सेवांना लागू आहे. गूगलची कोलॅब ही सेवा मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालते आणि पायथन ही संगणकभाषा शिकायला तिचा मोठा उपयोग होतो. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये पायथनच शिकवतात. कोलॅबमध्ये लिहिलेली वही गूगल ड्राइव्हमध्ये जतन होते. पण काम करताना तिथल्या तात्पुरत्या मशीनवर आणलेल्या फायली, तयार झालेले तक्ते, हे सगळे मशीन सुटले की पुसले जाते. काही वेळ हालचाल झाली नाही तर मशीन सुटतेच. मुले म्हणतात, "काल होतं, आज नाही." दोष कोलॅबचा नाही, ती चालतेच तशी.

म्हणून तीन जागांचा नियम मुलांना घालून द्या. काम लॅबच्या मशीनवर करायचे, त्याच दिवशी एक प्रत आपल्या ड्राइव्हवर किंवा वनड्राइव्हवर ठेवायची आणि आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवर घ्यायची. पेन ड्राइव्हला काही शेकड्यांत पैसे पडतात. तीन आठवड्यांच्या जागरणाची किंमत त्याहून पुष्कळ जास्त आहे.

सेवाही बंद होतात

ज्या ॲझुर लॅब सर्व्हिसेसच्या सोयी मी वर सांगितल्या, ती सेवाच बंद होणार आहे. मायक्रोसॉफ्टने तशी घोषणा केली असून 28 जून 2027 ही अखेरची तारीख आहे. 2024 च्या जुलैपासून नव्या ग्राहकांना ती घेता येत नाही. जी कॉलेजे ती वापरत होती त्यांना कंपनीने आपल्याच ॲझुर व्हर्च्युअल डेस्कटॉप, विंडोज 365 अशा दुसऱ्या सेवांकडे जायला सांगितले आहे. म्हणजे ज्या शिक्षकांनी मेहनतीने नमुना मशीन बनवली, त्यांना ती मांडणी पुन्हा करावी लागणार.

यात घाबरण्यासारखे काही नाही, पण शिकण्यासारखे आहे. एखाद्या कंपनीच्या पानावर कोणते बटण कुठे आहे, हे ज्ञान दोन-चार वर्षांत जुने होते. प्रोग्राम कसा लिहावा, चूक कशी शोधावी, माहितीचा तक्ता कसा बांधावा, हे टिकते. शिलाईकामात मशीनची कंपनी बदलते, माप घेण्याची कला बदलत नाही. हे उदाहरण मी तिच्या अब्बूंना दिले आणि मग आमचे बोलणे खऱ्या अर्थाने सुरू झाले.

कॉलेजांनाही पालकांनी विचारायला हवे की सेवा बदलली तर मुलांचे काम बाहेर काढून द्यायची व्यवस्था आहे का, मुलांना ती तारीख आधी कळेल का. पालकसभेत आपण फी आणि हजेरीवर बोलतो, यावरही बोलले पाहिजे.

घरात काय लागते

आता घरचा हिशेब. दूरच्या मशीनचा पडदा इथे दिसण्यासाठी सतत इंटरनेट लागते. हलक्या कामासाठी मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनात सेकंदाला दीड मेगाबिट हा वेग सांगितलेला आहे. त्या वेगाने इंटरनेट सतत चालले तर तासाला सुमारे 675 एमबी डेटा लागतो. रोज दीड जीबी मिळणाऱ्या मोबाइल पॅकमध्ये असे दोन तास जेमतेम बसतात. प्रत्यक्षात पडदा स्थिर असेल तर डेटा कमी लागतो, कारण बदललेले चित्रच पाठवले जाते. पण त्याच पॅकवर घरात कुणी व्हिडिओ पाहत बसले तर मुलीची लॅब बंद पडते. म्हणून लॅबच्या वेळी तो डेटा तिचा, असे घरात ठरवावे लागते.

मोबाइलवरही अशा लॅबचे ॲप चालते. पण बोटाएवढ्या कीबोर्डवर प्रोग्राम लिहिणे म्हणजे सुईच्या जागी दाभण घेऊन कशिदा काढण्यासारखे आहे. जुना का असेना, मोठा पडदा आणि खरा कीबोर्ड हवा.

एक दिलासाही आहे. इथली वीज किंवा रेंज गेली तरी तिथले मशीन लगेच बंद होत नाही. थोड्याच वेळात परत जोडले की उघडलेली फाइल होती तशीच समोर येते. लोडशेडिंगच्या गावात ही लहान गोष्ट नाही.

राहिला अब्बूंचा दुसरा प्रश्न. तिथे सर कोण? शिक्षकाला कुणाचे मशीन चालू आहे, कुणी किती तास वापरले, हे दिसते. मशीनमध्ये सॉफ्टवेअर असते ते शिक्षकाने ठेवलेले. ते कॉलेजचे मशीन आहे, त्यामुळे मुलांनी त्यात घरचे फोटो, खासगी पत्रे, बँकेचे पासवर्ड ठेवू नयेत. पण मुलीच्या पाठीमागे उभे राहून "हे असे कर" म्हणणारे सर तिथे नसतात. ती जागा रिकामीच असते.

ती जागा थोडीफार घराने भरायची आहे. त्यासाठी पहारा करण्याची गरज नाही. दर पाच मिनिटांनी डोकावणारा बाप आणि दाराशी उभा राहणारा भाऊ असला की मुलगी अभ्यास करत नाही, फक्त घाबरते. टेबल बैठकीच्या खोलीत असावे, वेळ ठरलेली असावी आणि काम संपल्यावर कुणीतरी आपुलकीने विचारावे, "आज काय केलंस?" ज्यांना कॉम्प्युटर येत नाही अशा अम्मीही हे विचारू शकतात. मुलीने सांगितलेले सगळे समजलेच पाहिजे असे नाही. आपल्या कामात घराला रस आहे हे तिला कळले की पुरे. आणि हा नियम मुलग्यांनाही लागू करा. रात्रीच्या लॅपटॉपची चौकशी फक्त मुलीकडे करायची आणि मुलगा दोन वाजेपर्यंत गेम खेळला तरी गप्प राहायचे, हा इन्साफ नव्हे.

मोहल्ला काय करू शकतो

प्रत्येक घरात टेबल, पडदा आणि शांतता असेलच असे नाही. दोन खोल्यांत आठ माणसे राहतात हे मी विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन पाहिले आहे. इथे मोहल्ल्याने पुढे यावे. जमातखान्याची किंवा मदरशाची एखादी खोली संध्याकाळी रिकामी असते. चार जुने कॉम्प्युटर, एक ब्रॉडबँड जोडणी आणि लक्ष ठेवायला एक जबाबदार व्यक्ती, एवढ्यात अभ्यासिका उभी राहते. जड काम दूरच्या मशीनवर होणार असल्याने महागडे कॉम्प्युटर लागत नाहीत. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवा आणि ती मगरिबच्या आधीची ठेवा, म्हणजे पालकही निर्धास्त राहतील.

ज्यांच्या कॉलेजने अशी सेवा घेतलेली नाही त्यांनी थांबून राहू नये. कोलॅबवर पायथनचा सराव मोफत करता येतो. शाळकरी मुलांनी तो मोठ्यांच्या देखरेखीखाली करावा. विज्ञानासाठी सी-डॅक मुंबई आणि अमृता विश्व विद्यापीठम यांनी मिळून तयार केलेली ओलॅब्स आहे. तिच्यात नववी ते बारावीचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे प्रयोग पडद्यावर करून पाहता येतात. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या व्हर्च्युअल लॅब्ज आहेत. खऱ्या प्रयोगशाळेची जागा या घेत नाहीत. परीक्षानळी हातात धरायला मिळाली पाहिजे, हे मी आजही म्हणते. पण ज्याला काहीच मिळत नाही त्याच्यासाठी ही सुरुवात आहे.

त्या दिवशी तिच्या अब्बूंशी तासभर बोलणे झाले. तिने लॅपटॉप उघडून त्यांना सगळे दाखवले. मशीन कुठे चालू होते, तास कुठे दिसतात, बंद कुठे करायचे. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे हे आमच्या पिको मशीनसारखंच. गिऱ्हाईक नसलं की स्विच बंद करायचा." मी म्हटले, "भाईजान, अगदी तसंच."

पुढच्या आठवड्यात त्यांनी दुकानातले जुने कटिंगचे टेबल घरी आणून बैठकीच्या खोलीत लावले. वेळ ठरली इशानंतर साडेदहापर्यंत. परवा तिच्या अम्मी बाजारात भेटल्या. हसत सांगत होत्या, की रोज साडेदहा वाजले की दुकानाचा हिशेब लिहिता लिहिता अब्बू दोनच प्रश्न विचारतात, "बेटा, मशीन बंद केलं ना? आणि काम आपल्याकडे ठेवलं ना?"